मागं आय हाय का?

मॉनिटर निवडण्याचा मला सव्वीस वर्षांचा अनुभव आहे.

सांगलीतल्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवतो आणि दर जूनमध्ये माझ्या वर्गाचा मॉनिटर निवडतो. माझे निकष ठरलेले आहेत. उंची बरी हवी, आवाज मोठा हवा आणि पुढच्या बाकावरचे हुशार व मागच्या बाकावरचे उनाड अशा दोन्ही पार्ट्यांशी त्याचं जमायला हवं. या कसोट्यांवर पारखून घेतलेला मॉनिटर पहिल्याच आठवड्यात एका पार्टीला जाऊन मिळतो आणि बोलणाऱ्यांच्या यादीत फक्त दुसऱ्या पार्टीची नावं लिहितो. तरीही मी निवडत आलो आहे. त्यामुळे गेल्या वर्षी लॅपटॉपला जोडायचा मॉनिटर घ्यायची वेळ आली, तेव्हा ती जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली. सुलभाचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं आहे की ती आपसूक आली नाही, मी ती तिच्या हातातून हिसकावून घेतली.

मॉनिटर लागला कशाला, हे सांगायचं तर खडूपासून सुरुवात करावी लागेल.

सुलभाचं माहेर कुंडल. लग्न होऊन ती सांगलीत आली आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की आपल्या तोंडातले कितीतरी शब्द इथं कुणी वापरत नाही. आधी ती ते शब्द किराणा मालाच्या यादीमागे लिहून ठेवायची. मग घरात लॅपटॉप आला आणि ती ते त्यात भरू लागली. शब्द, अर्थ आणि गावात तो कसा वापरतात त्याचं एक वाक्य. 'आय' म्हणजे आई, 'बारकी आय' म्हणजे चुलती, आणि दोघी एका घरात असतील तर पहिली 'मोठी आय', इथपासून ते विळ्याच्या मुठीला काय म्हणतात इथपर्यंत. मी तिला बरीच वर्षं हसत होतो. "तुझ्या माहेरच्या लोकांना हे शब्द पाठ आहेत आणि बाकीच्यांना ते लागत नाहीत," असं मी एकदा पाहुण्यांसमोर म्हणालो होतो. (पाहुणे हसले होते. सुलभाने त्यांना चहा दिला आणि मला दिला नाही.)

आणि गेल्या वर्षी पुण्याच्या एका प्रकाशकाने तिला पत्र पाठवलं. त्यांना बोलीभाषेचा कोश करायचा होता. आमच्या भागाचे तीनशे शब्द अर्थासकट नमुन्यादाखल पाठवा, पसंत पडले तर या भागाचं सगळं काम तुमचं, असं त्यात लिहिलं होतं. मुदत सोमवारी सकाळी दहापर्यंत. ते पत्र तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं, मग स्वयंपाकघरात जाऊन आणखी एकदा स्वतःलाच वाचून दाखवलं. ते मी ऐकलं. इतक्या वर्षांत त्या शब्दांबद्दल तिला पहिल्यांदाच कुणीतरी नीट विचारलं होतं, आणि तो मी नव्हतो.

अडचण एकच होती. लेकीने तिला नवाकोरा लॅपटॉप घेऊन दिला होता, पण शब्द सगळे जुन्या लॅपटॉपात, जुन्या काळच्या मराठी टायपिंगमध्ये होते. ती फाईल नव्यावर उघडली की मराठीच्या जागी शिंगं फुटलेली इंग्रजी अक्षरं यायची. म्हणजे जुन्यावर बघायचं आणि नव्यावर पुन्हा टाईप करायचं, एवढाच मार्ग होता. तो मार्ग चांगला होता. त्यात खडू मीच टाकला.

मुदतीच्या आठ दिवस आधीच्या रविवारी आम्ही कुंडलला गेलो होतो. सुलभा तिच्या आईशेजारी, म्हणजे माझ्या सासूबाईंशेजारी बसून शब्द पक्के करत होती. जेवायला बोलावल्यावर ती उठली. लॅपटॉप उघडा राहिला तर धूळ बसेल, म्हणून मी वाकून तो बंद केला. वाकताना शर्टाच्या खिशातला खडू कीबोर्डवर पडला, हे मला दिसलं नाही. (रविवारी खिशात खडू कशाला, असं सगळेच विचारतात.) झाकण नीट बसेना, म्हणून मी त्यावर जरा भार दिला. आतून 'कट्' असा आवाज आला. उघडून बघतो तर पडद्याच्या मध्यावर काळा डाग, आणि तो पसरत चाललेला. जेवणं होईपर्यंत पडदा पूर्ण काळा झाला होता.

माझा मेहुणा तानाजी फौजेतून निवृत्त होऊन गावातली दूध डेअरी सांभाळतो. फौजेत तो वायरलेसवर होता, त्यामुळे वायर असलेल्या कुठल्याही वस्तूवर तो अधिकाराने बोलतो. त्याने लॅपटॉपला कान लावला.

"दाजी, आतनं जित्ता हाय. निस्ता तोंडावर पदर घेतलाय. ऱ्हाऊ द्या हितंच, पलूसला काच मिळती का बगतो."

काच मिळाली नाही. एवढ्या जुन्या लॅपटॉपची काच आता कुणी ठेवत नाही, असं शुक्रवारी कळलं. सुलभाने माझ्या तिन्ही शर्टांच्या खिशांतून खडू काढले आणि एका वाटीत टीव्हीवर ठेवले. मग म्हणाली, "एक मोठा मॉनिटर घेऊ. रविवारी कुंडलला नेऊन जुन्याला जोडू, शब्द उतरवून काढू. आय शेजारी असली म्हणजे अर्थही पक्के होतील. आणि काम मिळालंच तर पुढे तो नव्याला जोडून ठेवू, माझी मान तरी दुखायची नाही. पण दोघांना चालणारा हवा. जुन्याला मागे कुठली पिन आहे ते तानाजीला विचारून मगच घ्या."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"काय माहीत आहे?"

"विचारून घ्यायचं, हे माहीत आहे."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेलो. दुकानदार साठीचा, शांत माणूस होता. मी त्याला सांगितलं की मॉनिटर उंच हवा, दोन्ही पार्ट्यांशी जमणारा हवा. तो जरा थांबला आणि म्हणाला, "सर, नव्या लॅपटॉपला काय आहे?"

"नुसती बारीक भोकं."

"म्हणजे टाइप-सी. आणि जुन्याला?"

जुन्याला काय आहे, हे मी बारा वर्षं तो लॅपटॉप वापरूनही कधी बघितलं नव्हतं. त्याने दोन मॉनिटर पुढे ठेवले. डावीकडचा जरा लहान, त्याला जुन्या पद्धतीची निळी, रुंद पिन बसणारी जागा होती. उजवीकडचा चांगला ऐसपैस, त्याला टाइप-सी होतं आणि एचडीएमआय होतं, पण निळ्या पिनेची जागा नव्हती.

"जुन्याला एचडीएमआय असेल तर डोळे झाकून उजवीकडचा घ्या, दोघांना चालेल," तो म्हणाला. "नसेल तर डावीकडचा घ्या, नव्यासाठी मी जोड देतो. पण आधी बघून या."

एवढं स्वच्छ मी माझ्या वर्गात कधी समजावून सांगितलेलं नाही. पण माझा डोळा उजवीकडच्यावर होता. बघायला कुंडलला कोण जाणार, म्हणून मी तिथूनच तानाजीला फोन लावला. दुकान भर रस्त्यावर, बाहेर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरची रांग, आणि त्यातल्या एकावर गाणी लावलेली. फोन सासूबाईंनी उचलला. मी त्यांना मामी म्हणतो. बाकी सगळं घर त्यांना आय म्हणतं.

"मामी, तानाजी आहे का?"

"तान्या डेअरीत गेलाय. फोन हितंच चार्जिंगला हाय. काय काम हुतं, पाव्हणं?"

"तो जुना लॅपटॉप तिथं आहे ना?"

"ह्यो काय, तांदळाच्या डब्यावर ठिवलाय."

"त्याच्या मागे एचडीएमआय आहे का?"

"काय हाय का?"

मी एका कानावर हात दाबला आणि वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावं अशा आवाजात एकेक अक्षर सुटं केलं. "एच... डी... एम... आय!"

"आय?"

"हां, आय, आय." निदान शेवटचं अक्षर पोचलं, म्हणून मला बरं वाटलं. "मागे आहे का?"

मग मामी म्हणाल्या, "व्हय, मागंच हाय की."

"नक्की?"

"आता नक्की म्हंजी काय? सकाळधरनं हितंच हाय. आय कुठं जातीया?"

हे मला पटलं. लॅपटॉपच्या मागचं भोक कुठे जाणार? दुकानदाराला मी हाताने 'आहे' अशी खूण केली. त्याने हळूच विचारलं, "मोठं आहे की बारकं, तेवढं विचारा. बारकं असलं तर वायर वेगळी लागेल."

"मामी, मोठी आहे की बारकी?"

"मोठीच हाय. बारकी गेलीया रहिमतपूरला, लेकीकडं."

इथे माझ्या डोक्यात काहीतरी पेटायला हवं होतं. पेटलं नाही. बारकी पिन तानाजीने रहिमतपूरच्या कुणा ओळखीच्या माणसाकडे दुरुस्तीला पाठवली असेल, आणि त्या माणसाच्या लेकीचं दुकान असेल, अशी सगळी साखळी मी उभ्या उभ्या जुळवली. मूल चुकीचं उत्तर लिहितं तेव्हा अशीच साखळी जुळवतं आणि मी त्यावर लाल शाईने फुली मारतो.

"मोठी आहे," मी दुकानदाराला म्हणालो. "बारकीपण होती, ती रहिमतपूरला गेली आहे."

दुकानदाराने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "सर, उद्या दुकान बंद असतं. एकदा स्वतः बघून..."

"मी विज्ञान शिकवतो," मी म्हणालो. त्यावर त्याने उजवीकडचा मॉनिटर बांधून दिला.

रविवारी सकाळी नवा लॅपटॉप पिशवीत घालून आम्ही एसटीने निघालो. खोका एवढा रुंद होता की तो खिडकीजवळच्या जागेवर बसला, सुलभा त्याच्या शेजारी, आणि मी उभा. कंडक्टरने खोक्याकडे बघून, "ह्ये कुठं उतरनार?" असं विचारलं आणि सगळी गाडी हसली. सुलभासुद्धा हसली. आठवडाभरानंतर ती हसली, म्हणून मी कुंडलपर्यंत आनंदाने उभा राहिलो.

घरात पोचल्यावर तानाजीने खोका पुढून, मागून आणि खालून तपासला, सुरीने चिकटपट्टी कापली आणि मॉनिटर टेबलावर उभा केला. टीव्हीच्या शेजारीच. मग वायर घेतली आणि तांदळाच्या डब्यावरचा जुना लॅपटॉप उचलून उलटसुलट केला. पुन्हा उलट केला.

"दाजी, ह्ये कुठं घालायचं?"

"एचडीएमआयमध्ये."

"ह्याला एचडीएमआय न्हाई."

"आहे. मागे आहे. मोठी आहे."

"मागं बॅटरी हाय. अंगाला ही निळी हाय, रुंद. बाकी काय न्हाई."

"असं कसं? काल मामींनीच सांगितलं."

सगळ्यांनी मामींकडे बघितलं. त्या पाटावर बसून शेंगा फोडत होत्या.

"म्या?" त्या म्हणाल्या. "तुमीच इचारलं, आय मागं हाय का? म्या लॅपटापाच्या मागंच बसले हुते, म्हनलं हाय. मग इचारलं मोठी का बारकी, म्हनलं मोठी. बारकी आय रहिमतपूरला गेली न्हवं का! मला वाटलं, माझ्यासंगट बोलायचं आसंल. जावई हाय, मन झालं आसंल."

तानाजी आधी भिंतीकडे तोंड करून हसला, मग दाराबाहेर जाऊन हसला. सुलभा मात्र हसली नाही. ती नव्या मॉनिटरसमोर खुर्चीवर बसली, हात मांडीत ठेवले आणि म्हणाली, "तीनशे शब्द. उद्या दहा." माहेरी आली की ती मला 'आवं' म्हणून हाक मारते. त्या क्षणी तिने कुठलीच हाक मारली नाही. पलूसचं दुकान रविवारी बंद, सांगलीचंही. डावीकडचा लहान मॉनिटर बंद दुकानात, आणि त्याला नको म्हणणारा शहाणा इथे उभा.

"माझं चुकलं," मी म्हणालो. इतक्या वर्षांत हे वाक्य मी फार वेळा बोललेलो नाही, त्यामुळे ते जरा वाकडंच बाहेर आलं.

मामींनी शेंगा बाजूला सारल्या. "तान्या, बगू कसलं भोक म्हनतोस."

तानाजीने त्यांच्या पुढे लॅपटॉप धरला. त्यांनी त्या निळ्या जागेवरून बोट फिरवलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना बारीक दिसत नाही, बोटांनाच जास्त कळतं.

"तीन वळी. बारीक बारीक भोकं," त्या म्हणाल्या. "ह्ये तर टीव्हीच्या पाठीमागं हाय."

"टीव्हीच्या?"

"आरं रोज धुराळा पुसती मी. बोट आडकतं त्यात."

तानाजी टीव्हीच्या मागे वाकला आणि तिथूनच ओरडला, "हाय! निळं हाय!" मामींचा टीव्ही चांगला मोठा, पण जुन्या बनावटीचा होता, आणि त्या काळात टीव्हीला कॉम्प्युटर जोडायची सोय देत असत. घरातल्या शिकलेल्या तिघांना ते माहीत नव्हतं. ज्या चौथी शिकल्या होत्या, त्यांच्या बोटाला माहीत होतं.

आता प्रश्न वायरचा होता. निळ्या डोक्याची वायर गावात एकच होती, डेअरीच्या कॉम्प्युटरची. त्यावर दुधाचं माप आणि फॅट दिसतं. तानाजीने घड्याळात बघितलं. "सकाळचं दूध झालंय. सांजचं पाचला सुरू हुतंय. पाचच्या ठोक्याला वायर माघारी पायजे, न्हाईतर सगळं गाव कॅन घिऊन दारात येतंय." आणि तो गेला, वायर काढून घेऊन आला, एक टोक लॅपटॉपला जोडलं आणि दुसरं टीव्हीच्या मागे. मामींनी रिमोटवरचं नेमकं बटण दाबलं. (कुठलं दाबायचं, हे कुणी त्यांना विचारलंही नव्हतं.) तानाजीने लॅपटॉपची दोन बटणं एकदम दाबली. टीव्हीवर निळा उजेड आला आणि मग सुलभाची फाईल. अक्षरं कैरीएवढी मोठी.

पण ती गुलाबी होती. मग हिरवी झाली. मग गेली.

डेअरीत रोजच्या ओढाताणीने वायरीचे दोन्ही स्क्रू झिजले होते. टीव्हीकडची पिन धरून ठेवली की चित्र ठीक, सोडली की गुलाबी. तानाजीने चिकटपट्टी लावून पाहिली, सुतळी बांधून पाहिली. मग त्याने फौजी नजरेने खोलीतल्या माणसांचा आढावा घेतला. सुलभाला टाईप करायचं होतं. मामींना अर्थ सांगायचे होते. त्याला डेअरीचा दरवाजा सांभाळायचा होता.

"दाजी," तो म्हणाला, "तुमी मागं जावा."

टीव्हीच्या मागे, भिंतीला पाठ लावून, पिन धरून मी दुपारी बारा ते पाच उभा होतो. मधूनच पाय बदलायचो. पायाबरोबर हातही थोडा हलायचा आणि पुढून सुलभाचा आवाज यायचा, "आवं, गुलाबी." मी पुन्हा दाबायचो. मला टीव्ही दिसत नव्हता, त्या दोघीही दिसत नव्हत्या. फक्त ऐकू येत होतं, आणि ते ऐकलं याबद्दल मी त्या झिजलेल्या स्क्रूंचा आजन्म ऋणी आहे.

कारण मामी वाचत होत्या. पेपर त्यांनी कधीच सोडला होता, अक्षरं लागत नाहीत म्हणून. एवढं मोठं अक्षर त्यांनी शाळेच्या फळ्यानंतर पहिल्यांदाच बघितलं असेल. एकेक अक्षर लावत त्यांनी पहिला शब्द मोठ्याने वाचला.

"को... र... ड्या... स. कोरड्यास. आगं, ह्ये आपलं हाय की!"

"आपलंच आहे, आय. सगळे आपलेच आहेत."

"टीव्हीत आलं व्हय?" मग त्या पुढे वाचू लागल्या. "कोरड्यास, सुकी भाजी. सुकी? कुणी सांगटलं?"

"कोरडं म्हणजे सुकं ना?"

"आगं यडे, कोरड्यास पातळबी आसतंय. आमटीबी कोरड्यासच. भाकरी कोरडी जाऊ ने म्हनून जे आसतंय ते कोरड्यास."

मग टाईप करण्याचा आवाज आला, बराच वेळ. नव्या मॉनिटरवर, नव्या लॅपटॉपमधून. तो मॉनिटर नव्याशी तेवढा पहिल्या मिनिटापासून छान जमवून घेत होता.

"बुट्टी. टोपली," मामी वाचत होत्या. "न्हाई. बुट्टी भाकरीची. शेनाची ती पाटी. पाटीत भाकरी ठिवशील तर सासू दारात उभी करनार न्हाई. लिव्ह."

"लिहिते."

"माळवं, भाजीपाला. ह्ये बराबर हाय. औंदा, ह्या वर्षी. बराबर. पर वाक्य कसलं लिवलंयस? 'औंदा पाऊस चांगला झाला.' आसं कुठं कोन म्हनतंय? मास्तरानं सांगटलं काय?"

वाक्य माझंच होतं. सुलभाने एकदा विचारलं तेव्हा मी पेपर तपासता तपासता सांगितलं होतं. टीव्हीच्या मागे मी पिन जरा जास्तच घट्ट दाबली.

"मग काय लिहू, आय?"

"लिव्ह. 'औंदा तरी माहेराला चार दीस ऱ्हा.'"

यावर टाईप करण्याचा आवाज लगेच आला नाही. माझाही हात हलला असावा, पण 'गुलाबी' असं कुणी म्हणालं नाही.

दुपारी तीनला मामींची आवडती मालिका लागते. तीन वाजून गेले, सव्वातीन झाले. त्यांनी नावही काढलं नाही. एकदा फक्त विचारलं, "पाव्हणं कुठं गेलं? च्या केलाय."

"मागं हाईत," सुलभा म्हणाली.

"मोठं का बारकं?" तानाजीने दारातून विचारलं, आणि मग तिघंही असे हसले की मी पिन सोडली आणि सगळे शब्द हिरवे झाले. मलाही हसू आवरेना. माझा चहा तानाजीने टीव्हीच्या वरून हात घालून मागे दिला. मी तो डाव्या हाताने प्यालो.

पाचला दहा मिनिटं असताना शेवटचा शब्द झाला. तानाजीने वायर माझ्या हातातून जवळपास उपटून घेतली आणि धावला. बाहेर आलो तेव्हा माझी मान भिंतीच्या बाजूला वळून तशीच राहिली होती. सुलभा दोन्ही हातांनी चेहरा झाकून बसली होती. मी जवळ गेलो तर ती म्हणाली, "बेचाळीस अर्थ चुकीचे होते. आयने सांगितले नसते तर मी तसेच पाठवले असते."

लहान मॉनिटर घेतला असता तर त्यावरची अक्षरं मामींना दिसली नसती आणि सुलभाने एकटीनेच बघून एकटीनेच उतरवून काढलं असतं, हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं असणार. बोललं मात्र कुणी नाही. मी तर मुळीच नाही. अशा वेळी स्वतःचं श्रेय सांगू नये, एवढं शहाणपण मला टीव्हीच्या मागे आलं होतं. मी मामींपाशी बसलो आणि म्हणालो, "मामी, तुम्ही नसता तर काही खरं नव्हतं."

"म्या काय केलं?" त्या म्हणाल्या. "तुमी इचारलं म्हनून सांगटलं की, मागं हाय म्हनून."

त्यांनी पुन्हा शेंगा पुढे ओढल्या. सुलभाने तिथूनच, मोबाईलच्या नेटवरून फाईल पाठवली. सोमवारी दहाची मुदत होती, रविवारी साडेपाचला गेली.

काम सुलभाला मिळालं. प्रकाशकाने खास कळवलं की इतक्या जिवंत अर्थांची नोंद क्वचित येते. तिने उत्तरात आईचं नाव, गाव आणि शिक्षण लिहून पाठवलं. तो मॉनिटर आता आमच्या घरी नव्या लॅपटॉपला जोडलेला असतो आणि सुलभा त्याच्यासमोर सरळ मानेने बसते. टीव्हीची वायर तानाजीने नवीन आणून ठेवली आहे, स्क्रू असलेली. दर महिन्याला आम्ही कुंडलला जातो, जुना लॅपटॉप तिथंच तांदळाच्या डब्यावर असतो, आणि मामी चष्मा न लावता टीव्हीतले शब्द वाचतात. मी खडू घरी ठेवून जातो.

गेल्या आठवड्यात सुलभा 'द' या अक्षरापर्यंत पोचली. मी सहज तिच्या मागे जाऊन उभा राहिलो, म्हणजे मला आता तीच जागा सवयीची आहे, आणि पडद्यावर बघितलं. नोंद अशी होती:

दाजी (पु.) : बहिणीचा नवरा. वाक्यात उपयोग : 'आय पुढं बसली, दाजी मागं उभं ऱ्हायलं, तवा कुठं काम झालं.'